अरुंद फलकावर ठळक देवनागरी अक्षरे चिकटत होती: माझा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातील एका अरुंद फलकावर ‘ज्येष्ठ नागरिक साहाय्य केंद्र’ हा मजकूर एका ओळीत बसवायचा होता, म्हणून नेहमीचा ठळक फॉन्ट आडवा दाबून घेतला. छापून आल्यावर ‘ष्ठ’मधील पोकळी भरून गेली, उभ्या काना-दांड्या बारीक झाल्या आणि शिरोरेषा मात्र जाडच राहिली. अक्षरांचा आकार कमी केला, तर रस्त्यापलीकडून वाचता येईना. अक्षरांमधील अंतर बदलले, तर शिरोरेषा तुटू लागली. अगदी वैताग आला.

कारण असे, की नेहमीचा ठळक फॉन्ट आडवा दाबला की उभ्या रेघांची जाडी घटते, आडव्या रेघांची घटत नाही. मुळातच अरुंद आखलेल्या फॉन्टमध्ये हा तोल अक्षर काढतानाच सांभाळलेला असतो.

प्रथम ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मोफत मिळणारा ‘अनेक देवनागरी’ हा फॉन्ट उतरवून त्यातील ‘कंडेन्स्ड एक्स्ट्राबोल्ड’ (अरुंद, अतिठळक) ही फाइल बसवली आणि ज्यात फलक आखत होतो ते इंकस्केप हे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले. त्यानंतर दाबलेला मजकूर पुसून, जुने मापन सोबत येऊ नये म्हणून, तो नव्याने टंकित केला. अक्षरांमधील अंतर शून्य ठेवले आणि रुंदी जुळवताना चारही बाजू एकाच प्रमाणात बदलल्या. शेवटी मूळ फाइलची प्रत राखून ‘पाथ’ मेनूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ दिले; त्याने अक्षरांच्या नुसत्या आकृत्या होतात, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत.

फलकाखालच्या पत्त्यासाठी मात्र साध्या रुंदीचाच फॉन्ट घ्यावा. लहान आकारात हे ठळक, अरुंद वळण डोळ्यांना जड जाते.