जुन्या कंपनीच्या टीडीएसचा वाद आणि हाती पगाराची स्लिप नाही? या चुका टाळा

हिंजवडी, खराडी किंवा चाकणमधली नोकरी सोडली की शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि त्याबरोबर पगाराच्या स्लिपांचे पोर्टलही बंद होते. पुढे विवरणपत्र भरायला बसल्यावर लक्षात येते की दरमहा पगारातून कर (टीडीएस) कापला गेला होता, पण फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा कराच्या आयकर खात्याच्या नोंदीत, तो दिसतच नाही, किंवा कापला त्यापेक्षा कमी दिसतो. करसल्ल्याच्या कामात मी पाहतो की अशा वेळी बरेच जण ‘आपल्याकडे पुरावाच नाही’ असे म्हणून दावा सोडून देतात आणि तोच कर दुसऱ्यांदा स्वतःच्या खिशातून भरतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण स्लिप हरवली तरी कपातीच्या खुणा इतर अनेक ठिकाणी शिल्लक असतात.

तक्रार करण्याआधी तारखा मात्र पाहाव्यात. १ एप्रिल २०२६पूर्वीच्या पगारावरील टीडीएसचे विवरण कंपनी २४क्यू या नमुन्यात दर तिमाहीला देते आणि जानेवारी ते मार्चच्या विवरणाची मुदत ३१ मे असते. त्यामुळे एप्रिलमध्ये शेवटच्या तिमाहीची रक्कम दिसली नाही, तर कंपनीने पैसे बुडवले असे समजू नये. फॉर्म १६ (पगार आणि टीडीएसचा दाखला) देण्याची मुदत १५ जून आहे, तोपर्यंत थांबणे योग्य.

त्यानंतरही फरक राहिला, तर पगार पुन्हा मांडावा लागतो, आणि इथे घाई करू नये. एक उदाहरण घेऊ. २०२३-२४ या वर्षी नेमणूकपत्राप्रमाणे एकाचा महिन्याचा एकूण पगार ९०,००० रुपये आहे आणि त्यातला मूळ पगार ३६,००० रुपये आहे. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ म्हणजे ४,३२० रुपये आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये वजा केले, तर हाती ८५,४८० रुपये यायला हवेत. बँकेत जमा झाले ७९,८९० रुपये, म्हणजे ५,५९० रुपयांचा फरक पडतो. आता त्या वर्षाच्या नव्या करप्रणालीने १०,८०,००० रुपयांवर ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेऊन कर काढला, तर तो उपकरासह ६७,०८० रुपये होतो आणि त्याचा बारावा हिस्सा बरोबर ५,५९० रुपये येतो. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जात असल्याने त्या महिन्यात खात्यावर ७९,७९० रुपये जमा झालेले दिसतात. ही शंभर रुपयांची घट क्षुल्लक वाटते, पण तुमची मांडणी बँकेच्या नोंदीशी महिन्यागणिक जुळते, हे तिच्यामुळेच आयकर अधिकाऱ्याला पटते. प्रत्यक्षात हिशेब इतका नेमका क्वचितच जुळतो. बसचे पैसे, विमा किंवा आगाऊ उचल यांची कपात मधे येते. ती कपात शोधून वेगळी दाखवावी. सगळा फरक टीडीएसच्या नावावर टाकू नये.

या मांडणीसाठी लागणारे कागद कुठे मिळतात? पीएफचे पासबुक यूएएनने (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकाने) उघडते आणि नोकरी सोडली तरी ते तुमचेच राहते. मात्र कंपनी १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच पीएफ भरत असेल, तर त्यात दरमहा १,८०० रुपयेच दिसतील आणि खरा मूळ पगार कळणार नाही. तेव्हा नेमणूकपत्र आणि पगारवाढीचे पत्र यांवर भिस्त ठेवावी लागते. गृहकर्ज घेतले असेल, तर त्या बँकेच्या फाइलमध्ये तुम्हीच दिलेल्या स्लिपा असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली असेल, तर नव्या कंपनीला फॉर्म १२बी भरून दिला होता का, तेही तिथे विचारावे, कारण जुन्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील त्यात असतो.

विवरणपत्र भरताना दोन उलटसुलट चुका होतात. काही जण बँकेत जमा झालेली रक्कमच पगार म्हणून दाखवतात आणि वर टीडीएसचाही दावा करतात. कापलेला कर हादेखील तुमच्या उत्पन्नाचाच भाग असतो, त्यामुळे पगार कपातीपूर्वीचा दाखवला पाहिजे. दुसरे काही नोटिशीच्या भीतीने टीडीएसचा दावाच करत नाहीत. माझ्या मते कपातीची मांडणी पक्की असेल, तर पूर्ण दावा करावा. आयकर खात्याचे बंगळूरूचे प्रक्रिया केंद्र २६एएसमध्ये नसलेल्या टीडीएसचे श्रेय नाकारील आणि तेवढ्या कराची मागणी काढील, हे गृहीत धरून चालावे.

ती मागणी आयकर खात्याच्या पोर्टलवर आली की घाबरून ‘मागणी बरोबर आहे’ हा पर्याय निवडू नये, कारण तो एकदा दिला की नंतर असहमती नोंदवता येत नाही. गप्प बसणेही घातक आहे. पुढच्या वर्षीचा परतावा त्या मागणीपोटी वळता होऊ शकतो. असहमती नोंदवून १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २०५चा आधार घ्यावा. कर कापला गेला असेल, तर तेवढ्यापुरती कर्मचाऱ्याकडून थेट वसुली करता येत नाही, असे हे कलम सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली हीच भूमिका घेतली, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी तशी सूचना काढून ११ मार्च २०१६ रोजी तिचा पुनरुच्चार केला. परंतु हे संरक्षण कर खरोखर कापला गेला असेल तरच मिळते. कंपनीने कर कापलाच नसेल, तर तो तुम्हालाच भरावा लागतो.

उलट प्रकारही घडतो. कंपनी न दिलेला पगार आणि त्यावरचा टीडीएस तुमच्या पॅनवर दाखवते, आणि आयता परतावा मिळतो म्हणून काही जण ते श्रेय घेऊन टाकतात. तसे करू नये. पगार नाकारायचा आणि त्यावरचा टीडीएस घ्यायचा, हे टिकत नाही. एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, त्या नोंदीवर अभिप्राय द्यावा. मात्र अभिप्राय दिल्याने २६एएस आपोआप बदलत नाही, त्यासाठी कंपनीनेच दुरुस्ती विवरण भरावे लागते.

कंपनीशी फक्त फोनवर बोलणे ही आणखी एक चूक. एचआरमधली माणसे बदलतात आणि तोंडी आश्वासनाची नोंद कुठेच राहत नाही. पॅन, नोकरीचा कालावधी, महिनावार तक्ता आणि नेमकी कोणती तिमाही दुरुस्त हवी, हे लिहून ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवावे व पोच जपावी. उत्तर आले नाही, तर टीडीएस अधिकाऱ्याकडे जावे, पण कोणत्या, हे आधी पाहावे. ऑफिस पुण्यात म्हणून अनेक जण थेट साधू वासवानी चौकातले आयकर भवन गाठतात. कंपनीच्या टॅनची (टीडीएस भरण्यासाठीच्या क्रमांकाची) पहिली तीन अक्षरे पीएनई असतील तर प्रकरण पुण्याचे. बीएलआर किंवा एमयूएम असतील तर ते बंगळूरू किंवा मुंबईच्या अधिकाऱ्याकडे असते. पोर्टलवर टॅन टाकून अधिकार क्षेत्र पाहता येते.

उशीर मात्र करू नये. दुरुस्ती विवरणाची मुदत जुन्या कायद्यात ६ वर्षांची होती, ती १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात २ वर्षांवर आली आहे. त्या तारखेपूर्वीच्या वर्षांचा वाद १९६१च्या कायद्याखालीच चालतो, म्हणून अर्जात कलमांचे क्रमांक जुनेच लिहावेत.