बंदरावरच्या वह्यांतून माशांचा तक्ता कसा वाढवायचा

मासा, शास्त्रीय नाव, जाळं, हंगाम असा तक्ता एक्सेलमधे करून ठेवणारे बरेच आहेत, पण खरी माहिती लिलावाच्या जुन्या वह्यांत पडून असते. ती काढायची तर आधी तारीख, जाळं, मासा, वजन, भाव एवढंच टाईप करून घ्या, आणि नाव वहीत जसं आहे तसंच ठेवा, सुधारायला जाऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ नावांना द्या. इसवण, ईसवण, विसवण हे अक्षरांवरून कॉम्प्युटर जोडतो, पण सुरमई आणि इसवण या एकाच माशाच्या नावांत अक्षरं जुळतच नाहीत, तिथे आजूबाजूचं बघायला लागतं, म्हणजे जाळी तीच, महिने तेच, भाव साधारण तेवढाच, आणि एकाच माणसाच्या वहीत दोन्ही नावं सहसा एकत्र येत नाहीत. अशी जोडी दिसली की वेगळी काढून ठेवा. उलटंही होतं, सुरमई म्हणून उभ्या नागमोडी पट्ट्यांचा स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सनही विकला जातो आणि गोल ठिपक्यांचा गटेटसही, हे वहीतून कधीच कळणार नाही, टोपलीतच बघायला पाहिजे.

मग एप्रिओरी चालवा, म्हणजे कुठल्या गोष्टी वारंवार एकत्र येतात ते शोधणारी पद्धत. १९९४ चा अल्गोरिदम, दुकानातल्या बिलांसाठी काढलेला, पायथॉनच्या एमएलएक्सटेंड लायब्ररीत तयार मिळतो. आपल्याकडे बोटीची किंवा रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची) एक फेरी म्हणजे एक बिल. समजा ४०० फेऱ्या आहेत आणि २४० मधे बांगडा आलाय, रापणीच्या १०० पैकी ६० मधे आलाय, तर ते ६० टक्के बघून हुरळू नका, बांगडा एकूणातच ६० टक्के फेऱ्यांत आहे, म्हणजे लिफ्ट (रापणीतलं प्रमाण भागिले एकूण प्रमाण) १, रापणीमुळे काही फरक नाही. १०० पैकी ९० असते तर लिफ्ट दीड, ते घ्यायचं.

आणि १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या बोटींना बंदी, वह्या जवळपास कोऱ्या, त्यामुळे प्रोग्राम सांगणार जूनमधे मासा नसतो. त्या रकान्यात ‘नाही’ लिहू नका हो, ‘नोंद नाही’ लिहा, यात फार मोठा फरक आहे.

निघालेलं काहीच थेट मुख्य तक्त्यात टाकायचं नाही. वेगळ्या शीटवर ठेवा, प्रत्येकासोबत वहीतल्या तीन-चार मूळ ओळी जोडा, आणि जुन्या तांडेलांना (बोटीच्या प्रमुखांना) किंवा लिलाव करणाऱ्या मावशींना वाचून दाखवा. त्या हो म्हणाल्या की मग चढवा, शेजारी वही कुठली, नोंदी किती आणि कुठल्या बंदरावर विचारलं तेही लिहा, कारण मालवणचं उत्तर हर्णैला लागू पडेलच असं नाही.