चावदिसाचे पोहे: गोवा-सिंधुदुर्गाची दिवाळी आपल्या घरी कशी करावी

पुण्या-मुंबईकडच्या घरांत दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर चकली, करंजी आणि चिवड्याचे ताट पुढे येते. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गात त्या पहाटेचा मान पोह्यांचा असतो. आश्विन वद्य चतुर्दशीला तिकडे चावदिस म्हणतात, आणि त्या दिवशी घरोघरी पोह्यांचे चार-पाच प्रकार करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘पोहे खायला या’ असे आवर्जून बोलावले जाते. सुदाम्याच्या पोह्यांशी या प्रथेचा संबंध पुष्कळदा जोडला जातो. मला त्यापेक्षा शेताचे कारण अधिक पटते. याच सुमारास भात कापून घरात येते, आणि नव्या भाताचा पहिला पदार्थ म्हणून पोहे कांडले जातात. ही दिवाळी आपल्या घरी करायची असेल, तर हौसेइतकीच वेळापत्रकाची काळजी घ्यावी लागते, कारण पाचही प्रकार एकाच पोह्यांचे असले तरी प्रत्येकाची भिजण्याची वेळ निराळी आहे.

सुरुवात बाजारापासून करावी. या पदार्थांसाठी गावठी तांबडे पोहे लागतात. त्यांचा तांबूसपणा तांदळाच्या कोंड्याचा असल्याने तो सगळीकडे सारखा नसतो. पोह्यावर फिकट-गडद पट्टे दिसतात आणि वास किंचित भाजल्यासारखा येतो. सहा माणसांसाठी पाऊण किलो पोहे पुरतात, त्यांतले निम्मे जाड आणि निम्मे पातळ घ्यावेत. त्याशिवाय तीन नारळ, सुमारे चारशे ग्रॅम गूळ, पाव किलो काळे वाटाणे, दही, दूध, वेलची आणि फोडणीचे साहित्य आणून ठेवावे. गोव्यात असाल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सारे एका फेरीत मिळते. इतरत्र कोकणी मालाचे दुकान गाठावे. कारिटे, म्हणजे पहाटे तुळशीपुढे फोडायची रानातली कडू फळे, मात्र दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवसच विकायला येतात, तेव्हा ती दिसली की लगेच घ्यावीत.

आदल्या रात्रीची कामे थोडीच, पण चुकवू नयेत अशी आहेत. काळे वाटाणे कठीण असतात, त्यांना दहा ते बारा तास भिजत ठेवावे. दही विरजावे, गूळ किसावा, नारळ सोलून ठेवावेत. फोडायचे मात्र सकाळीच. त्याच रात्री गोव्यात गावोगावची मुले नरकासुराच्या मोठमोठ्या प्रतिमा मिरवत असतात आणि पहाट होण्यापूर्वी त्या जाळतात. शहरातल्या सदनिकेत तेवढा खटाटोप शक्य नसतो. मुलांनी वर्तमानपत्राच्या कागदांचा वीतभर नरकासुर केला आणि तो मोकळ्या जागेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली जाळला, तरी पुरे.

पहाटे तेल-उटणे लावून स्नान झाले की तुळशीपुढे कारीट फोडतात. कारीट हे पावसाळ्यात रानात येणारे, सुपारीहून थोडे मोठे कडू फळ. ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचे, त्याचा रस जिभेला लावायचा आणि बी कपाळाला लावायची, अशी रीत आहे. रस फक्त जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकावा. तो गिळण्याचा पदार्थ नव्हे, आणि लहान मुलांना तर तेवढाही देऊ नये. कारीट न मिळाल्यास कारल्याची चकती चालवून घ्यावी. कडवटपणा नरकासुराचा आहे, फळ कोणते याला फारसे महत्त्व नाही.

आता पोहे. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडल्यामुळे पोहा आधीच शिजलेला असतो; त्याला विस्तवाची गरज नाही, फक्त ओलावा हवा. कांदेपोह्यांच्या सवयीने सगळेच पोहे एकदम धुऊन ठेवले, तर तासाभरात पाचही भांड्यांत लगदा दिसेल.

सर्वांत आधी कोरडे प्रकार करावेत, कारण त्यांना मुरायला वेळ लागतो. गोडशे पोह्यांसाठी दीडशे ग्रॅम पातळ पोहे न धुता घ्यावेत. अर्ध्या नारळाचे ताजे खोबरे आणि शंभर ग्रॅम किसलेला गूळ हाताने आधी चांगला एकत्र चोळावा, म्हणजे गुळाला पाणी सुटते. त्यात चिमूटभर मीठ, वेलचीपूड आणि मग पोहे घालून कालवावे व पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवावे. तिखशे पोहेही याच रीतीने होतात: अर्ध्या नारळाचे खोबरे, मीठ, नखभर गूळ आणि वरून खोबरेल तेलात मोहरी, हिंग, हिरव्या मिरच्या व कढीलिंबाची फोडणी. फोडणी थोडी निवल्यावर घालावी, नाहीतर पातळ पोहे आक्रसतात.

रसातले पोहे हा या पंगतीचा मुख्य प्रकार आहे, आणि घाई करणाऱ्यांचा तो हमखास बिघडतो. एका नारळाचे खोबरे पेलाभर कोमट पाण्यात वाटून, पंचातून पिळून दाट रस काढावा. त्याच चोथ्यात अर्धा पेला पाणी घालून दुसऱ्यांदा पिळावे. दोन्ही रसांत दीडशे ग्रॅम गूळ विरघळवून गाळून घ्यावा, वेलची आणि चिमूटभर मीठ घालावे. हा रस उकळायचा नाही. उकळला की तो फाटतो आणि ताजेपणाची चव जाते. कच्चा असल्यामुळेच तो फार टिकतही नाही, म्हणून सकाळी काढून सकाळीच संपवावा. दीडशे ग्रॅम जाड पोहे दोन पाण्यांनी धुऊन, निथळून, वाढण्याआधी दहा मिनिटे त्यात सोडावेत. डब्यातले नारळाचे दूध परदेशातल्या वाचकांना वापरावे लागेल. त्यात थोडे पाणी मिसळावे, आणि डब्यावर साखर घातल्याचा उल्लेख नाही हे पाहून घ्यावे.

दुधातल्या पोह्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही: गार दूध, साखर, धुतलेले शंभर ग्रॅम पोहे. ताकातल्यांना ताक दाट घुसळलेले हवे. त्यात आले, मिरची, कोथिंबीर, मीठ आणि मोहरी-हिंगाची फोडणी घालून तयार ठेवावे आणि शंभर ग्रॅम पोहे अगदी पाने मांडल्यावरच घालावेत.

सोबतीला काळ्या वाटाण्याची उसळ असते. भिजलेले वाटाणे कुकरमध्ये मऊ शिजवून त्यात भाजलेले खोबरे, धणे, मिरी, दोन लवंगा आणि सुक्या मिरच्यांचे वाटण घालावे, आंबटपणाला तीन-चार आमसुले. नैवेद्याची असल्याने कांदा-लसूण वर्ज्य. ती उणीव धणे थोडे जास्त भाजून भरून काढता येते.

गोव्यात याच पानात आंबाड्याचे सासव, म्हणजे खोबरे-मोहरीच्या वाटणातले आंबटगोड कालवण, वाढतात. आंबाडा म्हणजे झाडाचे आंबट, तंतुमय फळ. देशावर भाकरीबरोबर खाल्ली जाणारी अंबाडीची भाजी ही वेगळी, आणि या नावांच्या गोंधळात अनेकजण बाजारातून भलतीच जुडी घेऊन येतात. आठ-दहा आंबाडे ठेचून मऊ उकडावेत, त्यात शंभर ग्रॅम गूळ विरघळवावा. अर्ध्या नारळाचे खोबरे, दोन-तीन सुक्या मिरच्या आणि हळद बारीक वाटून, परतलेली चमचाभर मोहरी अगदी शेवटी घालून एकदाच फिरवावी आणि हे वाटण आंबाड्यांत मिसळावे. जास्त वाटल्यास सासव कडवट होते. आंबाडे न मिळाल्यास अननसाच्या फोडी घ्याव्यात, अननसाचे सासवही गोव्यात तितकेच रुळलेले आहे.

देवापुढे पाचही प्रकारांचा थोडा थोडा नैवेद्य ठेवून मग पाने वाढावीत. केळीच्या पानावर रसातले आणि ताकातले पोहे ओघळतात, त्यांना वाट्या द्याव्यात. एखादे कुटुंब उशिरा येणार असेल, तर त्यांच्या वाटचे पोहे कोरडेच बाजूला काढून रस आणि ताक शीतकपाटात ठेवावे. पाहुणे दारात आल्यावर भिजवायला घातले, तरी त्यांचे हातपाय धुऊन होईपर्यंत ते तयार होतात.