बेळगावकडच्या नदीत पहिल्यांदा कयाक घालायची असेल तर दिवस कसा ठरवायचा

कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची चिंचोळी छोटी बोट. ती कुठली घेऊ, हा प्रश्न सगळेजण पहिला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे, बोटीचं नंतर बघू, आधी पाणी कुठलं ते सांगा. बोट भाड्यानं मिळते, उसनी मिळते, पण चुकीच्या जागी पाण्यात उतरलात तर भारी बोट पण काही कामाची नाही.

तर पहिलं काम म्हणजे महिना. जून ते सप्टेंबर विषयच सोडा, कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस पडला की खानापुरात मलप्रभा काही तासांत गढूळ होऊन फुगते, मग तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी उपयोग नाही. ऑक्टोबरमधे पण परतीचा पाऊस असतोच. आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं, पाणी निवळलेलं असतं, ऊन सोसतं. मार्चनंतर बऱ्याच ठिकाणी पात्रात खडकच वर येतात आणि दुपारी वळीव कधी येईल नेम नाही, आणि विजा चमकायला लागल्या की पाण्यात थांबायचं नाही म्हणजे नाही.

दुसरं काम जागा, आणि इथं जरा वेळ घालवा. दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा या नद्यांवर केटी (कोल्हापूर पद्धतीचे) बंधारे आहेत ना, पावसाळा संपला की त्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि मागं लांबवर पाणी तुंबतं. ते तुंबलेलं पाणी म्हणजे नवशिक्यासाठी तयार तलावच, ओढ जवळपास नाही, रुंदी भरपूर. पण बंधाऱ्याच्या जवळ जायचं नाही. किमान अर्धा किलोमीटर वरच्या अंगाला उतरायचं आणि वरच्याच दिशेला वल्हवत जायचं, बंधाऱ्याकडं पाठ करून. बर्ग्यांच्या फटीतून पाणी ओढून घेतं, आणि वरून सांडत असेल तर खालच्या बाजूला ते जागच्या जागी गरगरत राहतं, वरून बघणाऱ्याला नुसता फेस दिसतो पण त्यात अडकलेला माणूस लाईफ जॅकेट घालून सुद्धा सहज बाहेर येत नाही. आमच्यातल्या एकाला वाटलं होतं घसरगुंडीसारखं खाली जाऊया, त्याला आम्ही अक्षरशः धरून बसवला.

जागा बघायला आदल्या रविवारी बाईकवरनं एकदा जाऊन या. नकाशावर सगळं निळं आणि सपाट दिसतं, काठावर गेलं की कळतं. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका आणि पाण्याची मोटर चालू-बंद करायला आलेला शेतकरी, या दोघांना विचारायचं. पाणी कधी सोडतात? वाळू कुठं उपसलीय? (तिथं गुडघाभर पाण्यातनं एकदम पुरुषभर खड्डा लागतो.) मगर दिसलीय का कधी? हसू नका, चिकोडी-अथणीकडं कृष्णेत मगरी आहेत आणि दांडेलीला काळी नदीत तर आहेतच. काठावरच्या मोटारींच्या केबली आणि पाण्यात सोडलेले पाईप यांच्यापासून लांब राहायचं, जोड कुठं उघडा आहे सांगता येत नाही. मासेमारीची जाळी, वाकलेला बांबू, पडलेलं झाड, हे पण बघून ठेवायचं. वाहत्या पाण्यात झाडाच्या फांद्यांतनं पाणी आरपार जातं, माणूस जात नाही.

काही जागा सरळ यादीतनं काढा. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव पितं, तिथं उतरायचं नाही. धरणांच्या जलाशयात परवानगीशिवाय नको, भीमगडच्या अभयारण्यात तर नकोच. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते, त्यामुळं त्या बाजूला वरच्या अंगाला हौस करायला जाऊ नका. खानापूरजवळ असोग्याला महादेवाचं देऊळ आहे, जागा देखणी, पण पात्रात कातळ आणि डोह दोन्ही, तिथं डबा खायला जावा.

आयुष्यात एकदाही वल्हं हातात धरलं नसेल तर पहिला दिवस गणेशगुडीला काढा असं मी सांगेन. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर करत गाडीनं दोन-अडीच तास. तिथं सुपा धरणाच्या खाली काळी नदीवर राफ्टिंग चालतं आणि संथ पाण्यात कयाक पण देतात, सोबत गाईड असतो. वीज निर्मितीसाठी पाणी सोडलं की तिथली पातळी चढते, म्हणून वेळ तेच ठरवतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. आपल्या मनानं दुसरीकडं उतरू पण नका, वर मगरीचं सांगितलंच.

आता बोट. नवशिक्याला वरनं बसायची उघडी कयाक बरी, उलटली तर माणूस आपोआप बाहेर पडतो, आत पाय अडकत नाहीत. कयाकचं वल्हं दोन्ही टोकाला पातं असलेलं, कनू नावाच्या दुसऱ्या उघड्या बोटीचं एकाच टोकाला, एवढा फरक लक्षात ठेवा. हवा भरायची बोट गाडीत मावते पण आपल्या नदीकाठी बाभळीचे काटे किती असतात ते तुम्हाला माहीत आहे, खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय भरायला घेऊ नका. लाईफ जॅकेट प्रत्येकाला, अगदी विहिरीत सूर मारणाऱ्यालाही. पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं चालतं, न येणाऱ्याला १०० न्यूटनचं घ्या. बकल लावून दुसऱ्याला खांद्याला धरून वर ओढायला सांगा, हनुवटीवर आलं तर ते ढिलं आहे.

माणसं चार, बोटी दोन, त्यातला एक तरी आधी केलेला. एकट्यानं नाही. घरात एकाला सांगून जायचं, कुठं उतरतोय आणि किती वाजता बाहेर येणार, आणि ११२ नंबर सगळ्यांना पाठ पाहिजे. जीन्स नको, ओली झाली की जड होते. चप्पल नको, पट्ट्याची सँडल. मोबाईल पाण्याच्या पाऊचमधे घालून गळ्यात नाही तर बोटीला बांधून, माझा एक मोबाईल दूधगंगेच्या तळाला आहे म्हणून सांगतोय. गाडीची चावी पण तशीच. पाणी माणशी दोन लिटर, भाकरी, शेंगाची चटणी, चिरमुरे, बास.

पहाटे निघा, आठला पाण्यात, अकराला बाहेर. दुपारकडं वारा सुटतो आणि वाऱ्याविरुद्ध कयाक ढकलणं म्हणजे काय ते खांद्यांना विचारा. पहिला अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यातच. वल्हं डोक्यावर धरा, कोपरं काटकोनात आली की ती तुमची पकड. पुढं जाताना नुसते हात ओढू नका, कमरेतनं वळा, पातं पायाच्या पंज्याजवळ पाण्यात घाला आणि कमरेजवळ बाहेर काढा. वळायचं असेल तर बाहेरच्या बाजूनं लांब अर्धवर्तुळ काढा, थांबायचं असेल तर उलटं वल्हवा. आणि मुद्दाम एकदा बोट उलटवा! सगळे टाळतात, पण खरी भीती तिथंच जाते. उलटली की बोट सोडायची नाही, ती तरंगते आणि लांबनं दिसते. ओढ असेल तर पाठीवर पडून पाय पुढं करून वाहत जायचं, उभं राहायला बघायचं नाही, दगडात पाय अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं.

मग प्रवाहाच्या वरच्या दिशेला एक तास. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं, मजेत खाली गेलो, गाणी म्हणत, आणि येताना त्याच अंतराला दुप्पट वेळ, एक गडी तर काठावरनं उसातनं चालत आला. नवशिका तासाला तीन-चार किलोमीटरच्या वर जात नाही, त्यामुळं एका तासात जेवढं होईल तेवढं आणि परत. मधे एकदा काठाला लावून चिरमुरे खावा. कोणी थंडीनं कुडकुडायला लागला किंवा गप्प झाला तर तिथनंच मागं फिरायचं, त्याला विचारत बसायचं नाही.

काठावर एखादा आजोबा विचारणारच, हे काय रे, गुळाच्या काहिलीत बसून जात होतो की आम्ही नदीपलीकडं, त्याला एवढं जॅकेट-बिकेट कशाला. थोडा वेळ बसा त्यांच्याजवळ, पुढच्या खेपेला पाणी कधी सोडणार ते फोनवर सांगणारा माणूस असा मिळतो. मग बोट पुसून सावलीत वाळवा, हवेची बोट असेल तर भरलेली हवा थोडी सोडा, उन्हात तशीच ठेवली तर शिवण जाते, आणि आपला प्लास्टिकचा कचरा पिशवीत भरून गाडीत टाका.