जुन्या कॅसेटी आणि रिळं जपताना या चुका टाळा

परभणी जिल्ह्यातल्या एका घरात मला एका आजींच्या ओव्यांची कॅसेट मिळाली. ती संगणकावर उतरवली, मागची घरघर सॉफ्टवेअरनं काढून टाकली आणि स्वच्छ आवाज घरच्यांना ऐकवला. सून म्हणाली, “आवाज आत्याबाईचाच हाये, पण जातं कुठं गेलं?”

घरघर जात्याची होती. ओवीची ओळ कुठं लांबते, बाई दम कुठं घेते, हे जात्याच्या फेऱ्यावर ठरतं. जातं काढलं तर ओवी अर्धीच उरते. मूळ फाईल तशीच ठेवली होती म्हणून निभावलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. पहिली प्रत काहीही न पुसता घ्यायची, वेव फाईलमध्ये, 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झवर. जमत नसेल तर निदान 48 वर. एमपी3 आणि साफसफाई ऐकायच्या प्रतीसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फाईलला मूळ प्रत समजू नका, तिथं आवाज आणि चित्र दोन्ही दाबले जातात.

कॅसेट मिळाली की लगेच लावू नका

आपल्याकडं कॅसेटी असतात माळ्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात तिथं फीत भाजते आणि पावसाळ्यात ओल धरते. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशीच लावली तर ती टेपच्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फीत चिरकायला लागली किंवा हेडवर तपकिरी थर जमला, तर तिथंच थांबवा. चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमटपणानं सुटलेला असतो. पुढं चालवाल तेवढा आवाज खरवडून निघेल.

लावण्याआधी मागच्या कडेच्या दोन छोट्या प्लॅस्टिक पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. आवाज दबका येत असेल तर फितीमागची स्पंजची गादी गळून पडली आहे का ते पाहा. पडली असेल तर कॅसेटचे पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या खोक्यात बसवा. गादी जागेवर असेल तर बहुतेकदा हेडचा कोन चुकलेला असतो. हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा फिरवत गेलात की टाळांचा आवाज एकदम उघडतो. तुटलेल्या फितीला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पुढच्या वेढ्यांना चिकटतो.

फिल्मच्या डब्यातून आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून दूर ठेवा. अ‍ॅसिटेट फिल्म कुजताना आम्ल सोडते आणि शेजारची रिळंही त्यात जातात. आक्रसलेली फिल्म प्रोजेक्टरवर चढवली तर कडेची भोकं फाटतात. आणि जुन्या मूकपटात माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर ती तशी चालत नव्हती. सेकंदाला 16 किंवा 18 चौकटींनी घेतलेली फिल्म 24 नं चालवली जाते आहे.

सन वाचताना

मराठवाड्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. निजाम राजवटीत फसली, म्हणजे महसुली सन चालायचा. चिठ्ठीवर 1355 दिसलं की कुणी तो हिजरी धरतं आणि 1936 लिहून मोकळं होतं. फसली असेल तर 590 मिळवा: 1945-46. दहा वर्षांचा फरक पडतो, आणि आपल्याकडं त्या दहा वर्षांत निजामाविरुद्धचा 1938 चा सत्याग्रह होऊन गेला. म्हणून उर्दूतली चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून फेकू नका. गावात उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी असतात, त्यांच्याकडं जा. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांत जी पाच रेडिओ केंद्रं होती, त्यांत हैदराबादबरोबर औरंगाबादही होतं. आपला आवाजी इतिहास एकट्या मराठीत नाही.

दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मोबाईलवर एक चित्र फिरतं: विमानतळावर निजाम सरदार पटेलांना हात जोडतो आहे आणि खाली ‘शरणागती’. तो प्रसंग फेब्रुवारी 1949 चा, पटेल हैदराबादला आले तेव्हाचा. शरणागती 18 सप्टेंबर 1948 ला झाली, ती निजामाचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी भारतीय फौजेच्या मेजर जनरल चौधरींपुढं. चित्र खरं आहे, ओळ खोटी आहे. मुलं शाळेत हेच चित्र तक्त्यावर चिकटवतात, म्हणून मला याचा फार त्रास होतो.

बातमीपटही असेच जपून पाहा. आवाज बहुतेकदा मागाहून बसवलेला असतो, टाळ्यासुद्धा. कॅमेरा फौजेच्या बरोबर चालला तर तो फौज जिथं गेली तेच टिपणार. रझाकारांनी जाळलेलं घर, किंवा 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते, त्या चौकटीत सापडेलच असं नाही. त्या वेळी भारत सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड नोंदवले होते. ते ऐकायचं तर घराघरात बसून म्हाताऱ्यांचं बोलणं टिपावं लागतं. टिपताना आरंभीच गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव तोंडानं सांगून ठेवा; डब्यावरची चिठ्ठी हरवते.

लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी

या सर्रास भंगारात जातात. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या 1993 आधीच्या असतील तर कृपा करून देऊ नका. त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपात जिथली दगड-मातीची जाड भिंतींची घरं कोसळली, ती गावं पुढं दुसऱ्या जागी वसली. उतरवताना लोक विधी ठेवतात आणि वरात कंटाळवाणी म्हणून कापतात. वरातीची ती वीस मिनिटं ठेवा. बँडवाल्यांच्या मागं जुनी गल्ली आहे, ओट्यावर बसलेली माणसं आहेत.