माळ्यावरचा कॅमेरा पुन्हा चालू झाला

दिवाळीच्या साफसफाईत २००५ साली घेतलेला डिजिटल कॅमेरा सापडला. ४ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेल आतच विसरलेले (चूक माझीच), ते गळून पत्र्यांवर पांढरट थर साचलेला. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली, म्हणून कानकाडीला थेंबभर व्हिनेगर लावून घासलं, ओल्या कापडाने पुसलं आणि दिवसभर वाळवलं. एक पत्रा काळाच राहिला, त्यावर पॉलिश पेपर हलकेच फिरवला.

नवे सेल घातले. लेन्स बाहेर आली आणि कॅमेरा बंद! यात माझा अर्धा दिवस गेला. मी घातले होते भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त झिंक-कार्बन सेल. लेन्सच्या मोटरला लागणारा करंट त्यांना झेपत नाही. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घातले, व्होल्टेज १.२ च, पण गडी लगेच जागा झाला.

मग कार्डाची कटकट. ३२ जीबीचं कार्ड तो ओळखेना. ते एसडीएचसी, म्हणजे जास्त क्षमतेचं एसडी कार्ड. तो प्रकार आला २००६ मध्ये, त्याआधीच्या कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचं साधं एसडीच लागतं. जुनं कार्ड खोक्यातच होतं. त्यात आजी, ओसरीवर शेंगा फोडत बसलेली.