गारठलेल्या फ्योर्डपासून डोंगरमाथ्यापर्यंत: एक्स्ट्रीम ट्रायथलॉनची तयारी कशी करावी

उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहा. आत्ता हा पोरखेळ वाटेल. पण १४ अंशांच्या पाण्यात सव्वा तास पोहून बाहेर आल्यावर हेच जमेनासं होतं. हेल्मेटचा पट्टा लागत नाही, एनर्जी जेलचं पाकीट फाटत नाही, वेटसूटची (पोहण्याच्या रबरी पोशाखाची) झिप हाताला लागूनही खाली ओढता येत नाही. एक्स्ट्रीम ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे खडतर जागी सलग पोहणं, सायकल आणि धावणं यांत, दम लागतोच, पण शर्यत बिघडते ती बहुधा अशा फुटकळ गोष्टींनी. म्हणून किती किलोमीटर धावायचं यापेक्षा अंग गरम कसं ठेवायचं, याचा विचार आधी करा.

आधी शर्यत निवडा, आणि तिचे नियम वाचा

नेहमीच्या पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं असतं. एक्स्ट्रीम प्रकारातही अंतरं साधारण तीच. बदलतं ते पाणी, हवामान आणि चढ. या प्रकाराची सुरुवात २००३ मध्ये नॉर्वेतल्या नॉर्समन या शर्यतीने केली. तिथे पहाटे स्पर्धक फेरीबोटीच्या मागच्या दरवाज्यातून सुमारे ४ मीटर खाली हार्डांगर फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत) उड्या मारतात आणि पोहत आइडफ्योर्ड गावाला लागतात. सायकल तिथून थेट हार्डांगरविद्दाच्या उघड्या पठारावर चढते, आणि शेवट गाउस्टाटोपेन डोंगराच्या माथ्यावर, १,८५० मीटरवर होतो. २०१५ मध्ये पाणी इतकं गार होतं की पोहण्याचं अंतर कमी करावं लागलं.

स्कॉटलंडच्या केल्टमॅनमध्ये पोहणं ३.४ किमी असलं तरी सायकल सुमारे २०० किमी आहे आणि समुद्राच्या पाण्यात जेलीफिश असतात. स्वित्झर्लंडच्या स्विसमॅनमध्ये गोट्थार्ड, फुर्का आणि ग्रिमझेल असे तीन मोठे घाट एकाच दिवशी पार करायचे. तिन्ही ठिकाणची थंडी वेगळी, त्यामुळे तयारीही वेगळी. पाण्याचं नेहमीचं तापमान, एकूण चढ, कटऑफच्या वेळा (प्रत्येक टप्पा कधीच्या आत संपवायचा), सक्तीचं सामान आणि पोहताना हातमोजे चालतात का, एवढं तरी प्रवेशअर्ज भरण्याआधी पाहून ठेवा. नॉर्समनसारख्या शर्यतीत प्रवेश सोडतीने मिळतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी नंबर लागेल या भरवशावर राहू नका.

याआधी एकही ट्रायथलॉन केली नसेल तर ही पहिली करू नका. निदान एखादी अर्ध्या अंतराची शर्यत पूर्ण केलेली असावी, आणि उघड्या पाण्यात पोहण्याची सवय असावी. हृदयाची तपासणीही करून घ्या. थंड पाण्यात उडी मारताच हृदयावर एकदम ताण येतो.

पाण्याशी ओळख

थंड पाण्यात शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यांत वाईट. श्वास आपोआप आत ओढला जातो, धाप लागते, छातीत धडधड होते. या वेळी पोहायचं नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगा आणि श्वास लांब सोडत राहा. धाप ओसरली की सुरुवात करा.

शरीराला ही सवय लावता येते. पाच-सहा वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटं थंड पाण्यात राहिल्यावरच ती पहिली धाप बरीच कमी होते. एकट्याने मात्र कधीही नाही. काठावर कुणीतरी हवंच. त्यानंतर शर्यतीचाच वेटसूट घालून वेळ वाढवत न्या. निओप्रीनची (वेटसूटच्याच रबरी कापडाची) टोपी आणि पायमोजे सरावापासूनच वापरा, नाहीतर शर्यतीच्या दिवशी गळ्याशी आवळणारी टोपी पाण्यापेक्षा जास्त घाबरवते. पोहताना श्वास अकारण कोंडू लागला, खोकला आला किंवा गुलाबी फेस आला तर लगेच हात वर करून मदत मागा. फुप्फुसात पाणी साचण्याची ही लक्षणं आहेत, जिद्दीने त्यांवर मात करता येत नाही.

बाहेर आल्यानंतरची पंधरा मिनिटं

मला विचाराल तर सगळ्या शर्यतीत हा भाग सर्वांत जपण्याचा आहे, आणि सराव सर्वांत कमी याचाच होतो. पाण्यातून बाहेर आलं की थंडी संपली असं वाटतं. प्रत्यक्षात हातापायांतलं गार रक्त मध्यभागाकडे परततं आणि शरीराच्या आतलं तापमान आणखी काही वेळ घसरतच राहतं. त्यातच सायकलवर बसल्यावर वारा लागतो.

एका शर्यतीत मी सपोर्ट क्रूमध्ये, म्हणजे स्पर्धकाच्या मदतनीसांत होतो. आदल्या रात्री पिशवी नीटनेटकी भरली: टॉवेल तळाशी, त्यावर जर्सी, सगळ्यात वर मोजे. सकाळी मित्र निळ्या ओठांनी समोर उभा, आणि मी मोजे, जर्सी उपसत टॉवेल शोधतोय. तेव्हापासून उलटं भरतो. जे सर्वांत आधी लागतं ते वर: टॉवेल, कोरडी टोपी, लोकरीचा आतला थर, हातमोजे, जॅकेट. वेटसूट उतरवणं, अंग पुसणं, टोपी, वरचे कपडे आणि मग पाय, हा क्रम घरी ओल्या अंगाने पाच-सहा वेळा करून पाहा. झिपला दोरीचा मोठा फास बांधा, म्हणजे बधिर बोटांतही तो सापडतो. खाण्याची पाकिटं आधीच कापून ठेवा. हातमोजे पाच बोटांचे नकोत; अंगठा सोडून बाकीची बोटं एकत्र राहतील असे निवडा. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. थरथरत्या हातांनी उतारावर ब्रेक धरण्यापेक्षा ती परवडतात.

सायकल

चढावर जोर लावून पुढे निघालेले बरेच जण शेवटच्या घाटात चालताना दिसतात. गिअर हलके ठेवा. पुढच्या दातेरी चाकीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकीलाही ३४ असले तर लांब चढावर गुडघे वाचतात. ब्रेकपॅड नवीन घाला, पावसात ते झपाट्याने झिजतात. पुढचा आणि मागचा दिवा सक्तीचा नसला तरी लावा.

एक नियम मात्र पक्का ठेवा: घाटमाथ्यावर पोहोचलात की थांबून जॅकेट घाला, थंडी वाजू लागण्याची वाट पाहू नका. चढताना घामाने अंग भिजलेलं असतं आणि उतारावर पाय चालत नाहीत. ओल्या रस्त्यावर उतरण्याचा सरावही मुद्दाम करा, कारण बहुतेक लोक पाऊस आला की घरी बसतात.

खाण्यापिण्याचं गणित साधं आहे, पाळणं अवघड. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि एवढं पचवायला पोटाला महिनोन्‌महिने सराव लागतो. थंडीत तहान लागत नाही, म्हणून घड्याळ लावून घोट घ्या. पण भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणीही ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. एनर्जी बार थंडीत दगडासारखे होतात. क्रूच्या गाडीतलं थर्मासमधलं गरम सूप त्यापेक्षा किती बरं, ते प्यायल्यावरच कळतं.

क्रूबद्दल

नॉर्समनमध्ये खाण्यापिण्याचे थांबे आयोजक लावत नाहीत, सगळं तुमची माणसं देतात. म्हणून क्रूमध्ये असा माणूस घ्या जो तुम्हाला ‘बस झालं’ म्हणू शकेल आणि तुम्ही त्याचं ऐकाल. त्याला लक्षणं शिकवून ठेवा: पाय अडखळणं, बोबडं बोलणं, हातातून वस्तू निसटणं, उगाच चिडचिड. हुडहुडी भरलेला माणूस गरम न होताच कापायचा थांबला, तर शर्यत तिथेच संपली. आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, गुंडाळा, वैद्यकीय पथकाला बोलवा.

डोंगर

नॉर्समनमध्ये धावण्याच्या २५ किमीनंतर ‘झोंबी हिल’ सुरू होतो. नागमोडी रस्ता, जवळपास सगळेच चालणारे. म्हणून सरावात पाठीवर सॅक घेऊन चढावर भराभर चालणं हा वेगळा व्यायाम ठेवा, शक्यतो लांब सायकलिंगच्या दुसऱ्या दिवशी. वरच्या टप्प्यासाठी सॅकमध्ये पाऊस-वारा अडवणारं जॅकेट, उबदार कपडे, टोपी, हातमोजे, हेडटॉर्च, खाणं आणि फोन हवा. सोबतीला क्रूमधला एक जणही चढणार, तेव्हा त्याचीही तयारी करून घ्या. स्पर्धक ठणठणीत आणि सोबती धापा टाकतोय, असंही घडतं.

वर्षानुवर्षं नॉर्समनमध्ये ३२.५ किमीच्या नाक्यावर पहिल्या १६० जणांनाच माथ्याकडे सोडलं जातं. त्यांना काळा टी-शर्ट, बाकीच्यांना खालच्या मार्गाने पांढरा. केल्टमॅनमध्येही वेळेत न पोहोचलेल्यांना बेन एई डोंगराच्या कड्याऐवजी सखल वाट मिळते. पांढऱ्या टी-शर्टला कुणी कमी लेखत असेल तर त्याला आधी फ्योर्डमध्ये उडी मारायला सांगा.

माथ्यावर पोहोचलात की चालणं थांबतं आणि अंग काही मिनिटांत गार पडतं. गाउस्टाटोपेनच्या पोटातून जाणारी रेल्वे खाली आणते, पण तिच्यासाठी थांबावं लागू शकतं. इतर डोंगरांवरून तर पायीच उतरायचं. सोबत्याने आधी सॅकमधलं कोरडं जॅकेट आणि टोपी काढून द्यावी, ओला थर उतरवायला मदत करावी आणि मगच फोटोसाठी फोन हातात घ्यावा.